पारुबाईचं अर्धं पान

हिंगोलीतल्या एका जुन्या कचेरीत कोंडीबा चौतीस वर्षं दफ्तरी होता. त्याचं काम रुमाल बांधायचं. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. एकेका गावाच्या कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा. कुठलं गाव कुठल्या फळीवर, हे तो डोळे मिटून सांगे, आणि साहेबांपुढे तर मुद्दाम डोळे मिटूनच सांगे.

चूक एकच झाली, पण जिव्हारी लागली. हाताशी बरं म्हणून त्यानं मूळ कागद आणि नक्कल एकाच रुमालात बांधली. वाळवीनं दोन्हींचा फडशा पाडला. पारुबाई या शेतकरणीच्या दोन एकरांच्या नोंदीचं अर्धंच पान उरलं. नशिबानं तिच्या नावाचं. तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की ती येई. "भाऊ, माझं पान हाय ना?" कोंडीबा आत जाऊन बघून येई. "हाय, बाई." औंदा तिनं वर विचारलं, "तुमी घरी बसल्यावर कोण बघंल?" दोन महिन्यांत तो निवृत्त होणार होता. तो पुन्हा आत जाऊन पान बघून आला.

तोवर सगळे कागद स्कॅन झाले होते. ती लाखो पानं कशात ठेवायची, हे ठरवायला करुणा नावाची इंजिनिअर आली. साहेबांना एकच मोठं चकचकीत यंत्र हवं होतं. करुणाचं म्हणणं, साधी तीन घेऊ, प्रत्येक पान तिन्हींत राहील. तिनं तीन यंत्रं मांडली, पारुबाईचं पान उघडलं आणि चालू यंत्रातली डिस्क सरळ उपसली. पान पुन्हा मागितलं, तर हजर! चाळीस कपाटं गिळून बसलेले ते डबे कोंडीबा लहान लेकरासारखा बघत राहिला.

पण दफ्तरी तो दफ्तरीच. "म्याडम, तिन्ही याच खोलीत ठेवून राहिल्या का?"

"हो. काहून?"

"मंग हा एकच रुमाल झाला की."

करुणा हसायला गेली आणि थांबली. वर छताला ओल होती. तिनं कपाळाला हात लावला. "काका, बराबर बोलले तुमी."

पंधरा दिवसांत एक यंत्र सेनगावला गेलं, एक औंढ्याला. मग करुणानं हिंगोलीच्या खोलीचा मेन स्विच कोंडीबालाच बंद करायला लावला. खट्! आतली घरघर थांबली. बाहेर व्हरांड्यात तिनं मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप उघडला आणि सेनगावहून पान आलं. पारुबाईचं नाव, खाली अंगठा, कडेची वाळवीची भोकंसुद्धा जिथल्या तिथं. कोंडीबानं टोपी काढली.

मग त्यानं पारुबाईला फोन लावला.

"बाई, तुमचं पान हाय."

"म्या तर इचारलंच न्हाई, भाऊ."

"इचारलं व्हतं," कोंडीबा म्हणाला. "मी घरी बसल्यावरबी हाय."