पुलापलीकडचा चापन

आमच्या ओकतेपाच्या बाजारात झुलहुमोरला कोणी धड सलामही करेनासं झालं होतं. का करतील? पूल तिनेच तर आणवला! पूर्वी कालव्याला वळसा घालून नमनगान शहर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून गावचं लग्न गावातच उरकायचं, आणि झुलहुमोरच्या हातचा कापूस भरून टाचलेला चापन, म्हणजे लांब अंगरखा, अंगावर चढल्याशिवाय इथला एकही नवरदेव घराबाहेर पडत नसे. पण बाईला हाव सुटली. "शहर जवळ आलं की तिथल्या बायका माझ्या दुकानापुढे रांग लावतील," असं म्हणत तिने हाकिमाच्या कचेरीत ठाण मांडलं आणि बाजारातल्या बाकीच्यांनाही आपल्यामागे ओढलं.

पूल झाला. शहरातलं चिटपाखरूही इकडे फिरकलं नाही. उलट इकडचीच गिऱ्हाइकं उठून तिकडे जाऊ लागली. शहरात जाऊन जेवायला घरी परतता येतं म्हटल्यावर कोण थांबतंय? एकामागून एक दुकानं बसली.

"ओपा, आज किती शहरवाल्या आल्या?" शेजारची दोरेवाली मस्तुरा तिला ताई म्हणावं तसं 'ओपा' म्हणत रोज डिवचायची.

"तोंड आवर! नफोसतच्या लग्नात बघ, कशा येतात ते."

लेक नफोसत नमनगानमध्ये दिली होती. व्याह्यांच्या खांद्यावर सगळ्यांदेखत चापन घालायचा असतो. त्यासाठी झुलहुमोरने हिवाळाभर डोळे फोडून टाके घातले. शहरवाल्यांना तो आवडला तर दुकान तरणार होतं, नाहीतर कुलूप. आहेराचं गाठोडं तिने आदल्या दिवशीच बांधलं. एकदा बांधलं की मांडवातच सोडायचं, मध्ये उघडणं अपशकुनी, ही तिच्या आईची शिकवण.

मांडवात तिने गाठ सोडली. आत मशीनवर शिवलेला, चकाकत्या जरीचा चापन!

"मीच बदलला, आई," नफोसत कानाशी पुटपुटली. "काल पुलावरून जाऊन आणला. तुझा बघून ते हसले असते गं."

"मेले, माझ्या हातच्याची लाज वाटली तुला?"

पण सगळे बघत होते. तिने तो व्याह्यांच्या खांद्यावर घातला.

"वा! आमच्याच नमनगानच्या बाजारातला! पाहताक्षणी ओळखला," विहीणबाई खुलल्या.

मागून मस्तुराचा आवाज आला, "ओपा, पूल कामी आला हो!"

व्याह्यांच्या खांद्यावर पडलेली चुणी झुलहुमोरने सवयीने हाताने सरळ केली.