लालबागच्या तळ्याचं जांभळं पाणी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. लालबागच्या मावशीचा निरोप आला, की कुसुमला, म्हणजे तिच्या मुलीला, विषमज्वर झालाय आणि चाळीत आणखी तिघं आजारी आहेत. निरोपाच्या शेवटी होतं, 'पाण्यात कोणीतरी काहीतरी टाकलंय.' मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते. आई म्हणाली, "तू जा. तुला त्यातलं कळतं."

गिरगावातून ट्राम धरली, वाटेत एकदा बदलली. तिकीट स्वस्त, वेळ मात्र भरपूर हाताशी हवा. भिंतींवर घोषणा रंगवलेल्या होत्या, नाक्यानाक्यावर पोलीस. माझ्या पिशवीत उकळून घेतलेली रिकामी बाटली होती. शेजारच्या बाई तिच्याकडे सारख्या बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "कसली बाटली गं?"

"पाण्याची," म्हटलं. त्या जरा सरकून बसल्या.

चाळीमागे देवळाचं छोटं तळं होतं. हरताळाच्या दिवसांत नळ कोरडे पडले, तेव्हा सगळ्यांनी तेच पाणी भरलं. मावशीने भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी वाढली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कोपऱ्यातल्या खोलीतला नार्वेकर. कधी मोर्चाला नाही, कोणाशी बोलणं नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. पुडी सोडलीन आणि पाणी जांभळं झालं."

खोलीबाहेर नार्वेकरांची वळकटी भिरकावलेली दिसली. नळांना पुन्हा पाणी आलं होतं, पण तिथे त्यांची बादली कोणी लावू देत नव्हतं. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "लाल औषध होतं. गावाला पटकीच्या वेळी विहिरीत टाकायचे. मला वाटलं, उपयोग होईल."

खरं सांगायचं, तर माझा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली भरली आणि चालत परळला गेले. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जंतू वाढवून बघायला दोनेक दिवस लागतील. तेवढे दिवस मी मावशीकडेच राहिले. कुसुमच्या कपाळावर पट्ट्या बदलताना बाहेरची कुजबुज कानावर पडायची. नार्वेकरांनी आता खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

निकाल घ्यायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "विष नाही. हे जंतू माणसाच्या आतड्यातले आहेत. तळ्यात मैला मिसळतोय."

"आणि लाल औषध, ते पाणी जांभळं करणारं परमँगनेट?"

"चिमूटभराने अख्खं तळं शुद्ध होत नाही. पण त्याने कोणी आजारीही पडत नाही."

चाळीत हे कोणालाच पटेना. मावशीचे यजमान, काका, गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांनी हिरवा रंग आणला आणि सगळ्यांसमोर चाळीच्या संडासात ओतला, वर बादल्यांनी पाणी सोडलं. आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. दिवेलागणीच्या आधी खालच्या पायरीशी, दगडांच्या फटीतून हिरवी रेघ बाहेर आली आणि पसरत गेली. मग एकेक जण उठून घरात गेला.

फुटलेलं गटार पुढे दुरुस्त झालं. आज तिकडे जाणार असाल, तर तळं शोधू नका. ते कधीच बुजवलंय.

कुसुमचा ताप उतरला आणि मी परत निघाले. ट्रामच्या थांब्यावर नार्वेकर ट्रंक घेऊन उभे होते. काका आदल्या दिवशी त्यांची माफी मागून आले होते, तरी ते निघाले होते.

"मुलगी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"ताप गेला. पेज घेतली तिने आज."

"बरं झालं. मला कोणी सांगितलंच नाही." त्यांची ट्राम आली, ते चढले.

घरी पोचल्यावर आईला सगळं सांगितलं. गटार, जंतू, हिरवा रंग, ट्रंक घेऊन निघालेले नार्वेकर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरं गं. पण त्याने काही केलं नव्हतं, तर मग तो गेला कशाला?"

पहिल्या दिवशी मीही चाळीतल्यांसारख्याच संशयाने त्यांच्याकडे पाहिलं होतं. सगळं सांगताना मी तेवढंच गाळलं होतं.