फाबिओलाची काड्यापेटी

फाबिओलाच्या तळपायाची आग मस्तकात जायला एक काड्यापेटी पुरे झाली. वर्षानेच धाकट्या बहिणीने, नुबियाने, ती तिच्याकडून काढून घेतली होती.

मेडेलिन शहराच्या वर, डोंगरात त्यांचं गाव. या घराण्यात पंचेचाळिशी आली की माणसाला विसर पडू लागे, आणि पुढे स्वतःचं नावही जाई. गाव त्याला सरळ 'खूळ' म्हणे. आई त्यातच गेली, मागोमाग थोरला भाऊ. दोघांचं हगणंमुतणं फाबिओलाने काढलं, अकरा वर्षं. एकही रात्र सलग झोपली नाही. तेव्हा मदतीला कुणी फिरकलं नाही. पण तिला सेहेचाळिसावं लागलं आणि अख्खं घर डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघू लागलं.

भावाला जाऊन महिना झाला त्या दिवशी चर्चमधून येऊन तिने घेवडा शिजत लावला आणि तो करपला. झालं, चूल बंद.

"तू नुसती बसून राहा, ताई," नुबिया म्हणाली.

पहाटे मका दळायचा, अरेपा भाजायच्या, दारात बसून विकायच्या, हेच फाबिओलाचं आयुष्य. आता त्या भाकऱ्या नुबिया थापायची, आणि जाडजूड थापायची. फाबिओला चिडली की शब्द अडकायचे, आणि शब्द अडकले की नुबिया खिन्नपणे मान हलवायची. धडधाकट माणसाला वेड लावील अशी ही माया.

शेवटी फाबिओलाच म्हणाली की चला मेडेलिनला, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस तपासलं आणि नुबियाला समोर बसवून सांगितलं की, हा तो आजार नाही. जागरणं, दुःख आणि सततची धास्ती असली की कुणाचंही डोकं विसरतं. हिला झोपू द्या आणि हिच्यावरचा पहारा उठवा.

परतीच्या बसमध्ये नुबियाने पिशवीतून काड्यापेटी काढून तिच्या हातात ठेवली, रडली, चुकलं म्हणाली. फाबिओलाने माफ केलं नाही. घरी पोचल्यावर काय काय सुनवायचं ते ती मनात जुळवत होती, आणि एकही शब्द अडकत नव्हता.

घाट लागला. नुबियाने तिचा हात धरला.

"घाबरू नकोस, ताई. डॉक्टरीणबाई विचारतील ते शांतपणे सांग."

फाबिओलाला वाटलं, टोमणा मारतेय. तिने वळून पाहिलं. नुबिया अगदी मनापासून धीर देत होती, जणू तपासणी अजून व्हायचीच होती.

"सांगेन," फाबिओला म्हणाली.

सुनवायचं सगळं मनात तसंच जुळलेलं होतं, आणि आता भांडायचं कुणाशी ते तिला कळेना.