ऑपरेटर आणि तिसऱ्या रांगेतली मुलगी

आमच्या डहाणूच्या घरमालकीणबाईंइतकी माणसं लक्षात ठेवणारी व्यक्ती झाईपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरी झाली नसेल. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. बाजारात एखाद्या मासळीवालीला अडवून त्या विचारत, "तू बारकूची बहीण ना? तो अजून डाव्या हातानं लिहितो का?" बारकूला एव्हाना नातवंडं झालेली असत. वाण्याशी अस्खलित गुजरातीत बोलत, पण त्याच्या पाटीवरचं मराठी स्वतः खडूनं दुरुस्त करत. २०१६ साली मी त्यांच्या माडीवर राहायला आलो. बायको-मुलं नाशिकला, आणि मी तलासरीच्या एका कचेरीत दाखले टाइप करणारा ऑपरेटर. बाईंनी मात्र ऑपरेटर म्हणजे ऑपरेशन करणारा असा अर्थ घेतला आणि पहिल्याच रविवारी हाक मारली, "अहो ऑपरेटर, खाली या. पेशंटला ताप आहे."

पेशंट म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. त्याला जुन्या साडीचा झालरवाला झगा होता आणि समोर टेबलफॅन. बाई स्वतः घामानं निथळत होत्या. "मी ओटीवर जाऊन बसू शकते. ते बिचारं कुठं जाणार?" मी झगा काढला, तरी यंत्राच्या आतला पंखा घोंघावतच होता. दर अर्ध्या तासानं यंत्र तापून आपोआप बंद पडत होतं.

यंत्र कशात गुंतलंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला. बाईंनी तीस वर्षांचे वर्गांचे फोटो स्कॅन करून भरले होते आणि ते लावायला एक फुकटचा प्रोग्राम घेतला होता. त्याची एक सर्व्हिस पडद्यामागे सतत चालायची. प्रत्येक फोटोतला चेहरा शोधायची आणि कोपऱ्यात विचारायची, "ही व्यक्ती कोण?" प्रोग्राम बंद केला तरी ती चालूच; तिला थांबवलं तर मिनिटभरात पुन्हा उठायची.

"हिला कायमची बंद करून टाकतो," मी म्हटलं.

बाईंनी माउसवर हात ठेवला. "नको. दिवसभरात मला काहीतरी विचारणारं तेवढं एकच आहे हो."

मग मी बिघाडाचं मूळ शोधायला बसलो. सर्व्हिसच्या नोंदींच्या फाइलमध्ये एकाच फोटोचं नाव शेकडो वेळा आलेलं होतं. तो स्कॅन होत असताना वीज गेली असणार. खालचा अर्धा भाग नुसता करडा होता. सर्व्हिस तिथं अडकायची, यंत्र तापून बंद पडायचं आणि सुरू झालं की गाडी पुन्हा त्याच फोटोवर. बाईंनी ट्रंकेतून मूळ फोटो काढला, आम्ही तो नव्यानं स्कॅन केला, जुनी फाइल काढून टाकली. प्रोसेसरचा आकडा शंभरावरून घसरत दहावर आला. बाईंनी यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी माडीवर मला त्यांची उत्तरं ऐकू यायची. "हा सोमा. अक्षर मोत्यासारखं, पण चोर! खडू पळवायचा." आणि एका संध्याकाळी आवाज आलाच नाही. खाली गेलो, तर बाई त्या नव्यानं स्कॅन केलेल्या फोटोसमोर बसलेल्या. तिसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. "आज हिचं गेलं. उद्या सगळ्यांची जातील," एवढंच म्हणाल्या.

मी फोटो छापून घेतला आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तलासरीला गेलो. पाच-सहा जणांनी नकारार्थी माना हलवल्या. मग भाजी विकणाऱ्या एका बाईनं फोटो उन्हात धरला.

"ही लखमी नाय का, बाई? आमचे पाड्याची. रानशेतला दिली. आता तिला सून पण आली."

"सून?" बाई रस्त्यातच थांबल्या. "अहो, तिला अजून भागाकार येत नाही!"

भाजीवाली हसली. बाईही हसल्या, पण चष्मा काढून पदरानं पुसू लागल्या. येताना एसटीत त्या 'लखमी' म्हणत राहिल्या, हळू, पाठ करावं तसं.

घरी येऊन त्यांनी एका बोटानं नाव टाइप केलं. सर्व्हिसनं आणखी तीन फोटोंत लखमी शोधून काढली. मग पडद्यावर आलं, की सगळे चेहरे ओळखून झाले. आकडा शून्यावर आला आणि आतला पंखा हळूहळू थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी प्रथमच ऐकत होतो. दूर समुद्रावरून वारा सुरूच्या झाडांतून येत होता, तोही ऐकू यायला लागला.

"संपला वर्ग," बाई म्हणाल्या.

माझं काम झालं होतं. वर जायला हरकत नव्हती, पण माडीवर तरी कोण होतं? मी खुर्ची थोडी पुढे ओढून बसून राहिलो. बाईंनीही दिवा लावायची घाई केली नाही.