झाडलेला रस्ता

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी तो स्वच्छ झाडलेला डांबरी रस्ताच डोळ्यांसमोर येतो. भातकापणी संपत आली होती. मुरबाडहून किन्हवलीकडे येताना, अंधार पडता पडता, कारखान्यातून घरी निघालेला एक तरुण मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. काय बोलावं या पोरांना! मागून येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपच्या ड्रायव्हरने त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, पण वाटेतच तो गेला.

तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी मीच. सकाळी मुलाचा बाप अख्खा गाव घेऊन ठाण्यात हजर झाला.

"जीपवाल्यानंच उडवला. त्याला आत टाका, नायतर आमी उठत नाय."

खरं सांगायचं तर माझाही संशय जीपवाल्यावरच होता. बंपरला पोचा होता आणि गडी जीप धुऊन मोकळा झाला होता. धुतलेली गाडी दिसली की पोलिसाचं डोकं फिरतं.

"कशाला धुतलीस रे?"

"सगळी सीट रक्तानं भरली व्हती, सायेब. पॅसेंजर बसतील काय तिच्यावर? आन् पोचा जुना हाय. त्यो कशानं पडला ते अंधारात दिसलं नाय. त्याला उचालला हीच माजी चूक. सोडून गेलो असतो तर घरी जेवत असतो आता."

उत्तर इतकं बिनतोड होतं की माझा संशय उलट वाढला. त्याची अटक दाखवायची की नाही, हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर जीप जप्त आणि घराची चूल बंद.

दुपारी ठाण्यातला फोन वाजला. बाईचा दबका आवाज. "जीपवाल्यानं काय केलं नाय. रस्त्यावं दगड व्हते. तुमी येयाच्या आदीच उचालले." नाव विचारताच तिने फोन ठेवला.

निनावी फोनवर माझा विश्वास नसतो. कोणी जीपवाल्याच्या घरचंही असेल. तरी मोटारसायकल पुन्हा तपासली. मागचा दिवा शाबूत, पुढची रिम मात्र आत वाकलेली. मागून जीपने ठोकलं असतं तर आधी दिवा फुटला असता.

तडक घटनास्थळी गेलो. आजूबाजूला पेंढा, माती, शेण; तेवढाच तुकडा झाडून काढलेला. डांबराच्या भेगांत भाताचे दाणे अडकले होते. आमच्याकडे भात रस्त्यावरच वाळत घालतात आणि वर गाडी चढू नये म्हणून कडेने मोठाले दगड लावतात. संध्याकाळी भात घरी जातो, दगड कधी राहतात, कधी नाही.

"इथं भात कोणाचा होता?" रस्त्यालगतच मुलाचं गाव होतं, तिथे विचारलं. जो तो हात झटकू लागला. "आमचा खळ्यात वाळतो, सायेब." धडधडीत खोटं! सगळ्यांचाच रस्त्यावर वाळत होता.

शेवटी मुलाच्याच घरी गेलो. पाणी मागितलं. त्याच्या आईने तांब्या पुढे केला, "घ्या, सायेब," म्हणाली आणि आत गेली. गोठ्याशी दगडांचा ढीग होता. एकावर टायरचा काळा ओरखडा. मी बापाला तिकडे नेलं.

"जीपवाल्यालाही पोरंबाळं आहेत. बोला."

म्हाताऱ्याने त्या ओरखड्यावर हात ठेवला. "सकाळी कामाला जाताना पोरानंच लावले दगड. सांजला मी भात भरला. रोज दगड बाजूला सारतो. काल म्हटलं, ऱ्हाऊ दे, उद्या पुन्ना त्यालाच उचलाय लागतील. दमतो वो तो." त्याने आवाज खाली आणला. "पहाटं जाऊन उचालले, रस्ता झाडला. पन हिला सांगू नका, सायेब. ही जगायची नाय."

तरी जबाब घ्यावाच लागला, आणि जीपवाला दिवेलागणीला घरी गेला.

अपघात झाला की आपण समोरची गाडी शोधतो. आरशाला टांगलेलं हेल्मेट, अंगण समजून वापरलेला रस्ता, उद्यासाठी ठेवलेला दगड, यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण ते सगळं आपलंच असतं. त्या दिवसापासून मी पंचनाम्याला गेलो की आधी रस्ता बघायचो.

हिला सांगणार नाही, असा शब्द मी म्हाताऱ्याला दिला. तो पाळणं अवघड नव्हतं. पाण्याचा तांब्या देताना ती बोलली, तेव्हाच मी फोनवरचा आवाज ओळखला होता.