तीन मुठी माती

आखातातल्या अजमानच्या टायपिंग सेंटरात माझं काम म्हणजे लोकांचा राग गाळून देणं. कुणी मालकावर जळफळत येतो, "लिहा, हा माणूस चोर आहे", मी अरबीत टाइप करतो, "सन्माननीय महोदयांनी कृपया लक्ष घालावं." काम होतं, गिऱ्हाईक दुवा देतं. रत्नागिरी सोडून चोवीस वर्षं झाली, एकाही अर्जात मी कुणाचा राग जसाच्या तसा जाऊ दिला नाही. खोटं कशाला सांगू, त्याचा मला गर्वच होता.

माझ्याकडे एक म्हातारे अरब कादंबरीकार यायचे, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मायदेशात त्यांच्या पुस्तकांवर बंदी होती, धर्मबुडवे म्हणून शिव्या होत्या. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. इथे एका खोलीत एकटेच राहायचे. डोळे जवळजवळ गेलेले. जाड मार्करने लिहिलेली पानं काखेत मारून दुपारच्या नमाजानंतर यायचे. एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाकडे का जात नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते मला सुधारतात. तू फक्त टाइप करतोस."

मग शेवटचं पान आलं. त्यात बापाला दफन करतात आणि मुलगा कबरीला माती न देताच निघून जातो. माझे हात थांबले. माझा बाप गावी वारला तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. भावाने कबरीपाशी फोन धरला आणि मी इथे फुटपाथवर उभा राहून फावड्यांचा आवाज ऐकला. कबरीला प्रत्येकाने द्यायची तीन मुठी माती, तेवढीही माझ्या हातून पडली नाही. आणि हा धडधाकट पायांचा मुलगा खुशाल पाठ फिरवून चालला! संतापच आला मला. मी त्याला मागे फिरवलं. टाइप केलं की तो परतला, वाकला, तीन मुठी माती दिली आणि रडला. वर स्वतःची समजूतही घातली, की आता तरी लोक उस्तादांना शिव्या देणार नाहीत.

"वाच बघू," ते म्हणाले.

मी पडद्यावरचं नाही, त्यांनी हाताने लिहिलेल्या पानावरून वाचलं. मुलगा निघून गेला. त्यांनी मान डोलावली. "खलास. यल्ला, पाठवून दे."

मी टाइप केलेला मजकूर प्रकाशकाला ईमेल केला. काम झालं की गिऱ्हाइकाचे राहिलेले कागद नष्ट करायचे हा आमचा नियम, म्हणून त्यांची पानं कागद कापायच्या मशीनमध्ये घातली.

पुस्तक निघालं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"रेडिओवर माझं कौतुक चाललंय. मुलगा परत आला म्हणे. तू आणलास?"

"हो, उस्ताद."

"तो मुलगा मी होतो, हबीबी. मी नाही परतलो. बाकी सगळं लिहिलं, एवढं लिहायला आयुष्यभर घाबरत होतो."

"मी आजच प्रकाशकाला सांगतो, पुढच्या आवृत्तीत..."

"काय दाखवशील त्यांना? माझी पानं कुठायत? आणि परत लिहायची हिंमत आता माझ्यात नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर कधी उचललाही नाही.

गेल्या महिन्यात ते वारले. माझी मुलगी इथल्या शाळेत अरबी शिकली आहे. तिने मोबाइलवर बातमी वाचली. "अब्बा, लिसन. हिज सिस्टर वॉज नॉट टॉकिंग टू हिम फॉर इयर्स. शी रेड द लास्ट पेज अँड फरगेव्ह हिम. सो स्वीट ना?"

मी हो म्हणालो.

त्या वर्तमानपत्राला पत्र लिहायला मी तीनदा बसलो. खरं कळवलं तर त्या बहिणीच्या हातचं समाधानही काढून घेतल्यासारखं होईल, म्हणून तीनदा उठलो. पण तिने माफ केलं ते मी रचलेल्या मुलाला. तिचा खरा भाऊ माफीशिवायच गेला, आणि त्याला माफ करायचं की नाही हे तिला कधी कुणी विचारूच शकणार नाही, असं मी करून ठेवलं.