टेस्टिंगचा मेसेज

अबुधाबीजवळच्या मुसाफ्फात गाड्यांची वायरिंग करणारा रत्नागिरीकडचा एक माणूस मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यापासून गाण्यात ढोल वाजला की माझ्या गाडीचे हेडलाइट मंद व्हायचे, स्पीकर घुरघुरायचे. "बॅटरी बदला," मी ऐटीत सांगितलं. त्याने हाताची पालथी बाजू वायरीला लावली.

"बॅटरी चांगली आहे हो. वायर बारीक आहे, तापलीय बघा. आणि अर्थिंग रंगावर मारलंय. करंट पुरणार कसा?"

त्याने बॅटरीपासून बोटभर जाड वायर ओढली, पत्रा चकाकेपर्यंत रंग खरवडला आणि अर्थिंगचा बोल्ट आवळला. मी गाणं लावायला गेलो.

"गाणं नको. गाण्यात घुरघुर लपते."

आपला फोन जोडून त्याने इंजिनाला रेस दिली. स्पीकरमधून एका लहान मुलीचा स्वच्छ आवाज आला, "बाबा, ऐकू येतंय का?"

"मुलगी?"

"हो. आता कॉलेजात आहे. पण टेस्टिंगला हाच मेसेज लावतो."

काम झालं होतं. तरी त्याने तो पुन्हा लावला.

"येतंय गो बाय," तो हळूच म्हणाला आणि बॉनेट बंद केलं.